आपल्याच माणसांसाठी घरगुती खेळ कसा बनवायचा

१९०४ साली एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंना 'लँडलॉर्ड्स गेम' नावाच्या खेळाचं पेटंट मिळालं. जागांचं भाडं गोळा करणारा एकटा कसा गब्बर होत जातो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना खेळून कळावं म्हणून त्यांनी तो रचला होता. पुढची कितीतरी वर्षं हा खेळ पसरला तो हाताने नकललेल्या पटांवरून. ज्याने पट काढला, त्याने त्यावर आपल्या गावातले रस्ते लिहिले. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी आपल्या शहरातले रस्ते घातले, आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने याच खेळातून निघालेली 'मोनोपॉली' बाजारात आणली तेव्हा तेच रस्ते छापले गेले. कुणाच्या तरी घरच्या पटावर 'मार्व्हेन गार्डन्स' या वस्तीचं नाव 'मार्व्हिन' असं पडलं होतं, तेसुद्धा तसंच छापलं गेलं.

घरी खेळ बनवू पाहणाऱ्याने या गोष्टीतून एवढंच घ्यावं: नियम उसने चालतात, मजकूर मात्र आपला हवा. नवा नियम शोधून काढायला व्यावसायिक रचनाकारांनाही वर्षं लागतात. पण तुमच्या आजोळच्या विहिरीचं चित्र, काकांची जुनी स्कूटर, दरवर्षी कुणीतरी विसरतं ती समई, हे दुसऱ्या कुणालाही खेळात घालता येणार नाही. घरचा खेळ रंगतो तो यामुळे. पुढचं सगळं याच बेताने सांगितलं आहे. तीन सांगाडे देतो, त्यातले दोन अगदी आकड्यांसकट, म्हणजे या रविवारीच बसता येईल.

आधी कोण बसणार ते लिहा

वहीच्या एका पानावर, दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत खरोखर एकत्र बसणाऱ्यांची नावं लिहा. प्रत्येकापुढे चार गोष्टी: वाचता येतं का आणि कोणत्या लिपीत, नजर आणि ऐकणं कसं आहे, किती वेळ एका जागी बसवतं, आणि हरल्यावर काय होतं. शेवटचा मुद्दा हलका समजू नका. सहा वर्षांचा भाचा हरल्यावर पट उधळणार असेल, तर चाळीस मिनिटं चालणारी स्पर्धा त्या घरासाठी नाही.

या पानावरूनच अर्धी रचना ठरते. आजीची नजर अधू असेल तर पत्त्यावर अक्षरं कमी आणि चित्रं मोठी. परदेशात वाढलेली मुलं मराठी बोलतात पण देवनागरी अडखळत वाचतात, तर पत्ता चित्रावरूनच ओळखता आला पाहिजे. रंगांवरून प्रकार ओळखायचे असतील तर रंगासोबत एक खूणही द्या, कारण लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारं माणूस घरात असू शकतं आणि त्याने ते कधी कुणाला सांगितलेलं नसतं. आणि ज्यांना मधेच उठून गॅसवरचं बघावं लागतं, त्यांचा विचार करून डाव लहान ठेवा. वीस ते तीस मिनिटांत संपणारा डाव बरा. आवडला तर लोक आपणहून दुसरा मांडतात.

चित्रावरून ओळखायची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. सावंतवाडीला आजही हाताने रंगवले जाणारे गोल गंजिफा पत्ते बघा. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात: दहा अवतारांचे दहा रंग, म्हणजे पत्त्यांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवं, तेवढ्यावरून निरक्षर माणूसही पत्ता ओळखतो. तुमच्या खेळातले रंग म्हणजे घराण्याच्या शाखा असू शकतात: पुण्याचे, नागपूरचे, गावाकडचे, आणि प्रत्येक शाखेची एक खूण.

मजकूर गोळा करणं

हा टप्पा घाईने उरकू नका, मला तरी सगळ्यात आनंद इथेच मिळतो. एकेकाला फोन करून विचारा: आपल्या घरातली कोणती वस्तू तुला डोळे मिटल्यावर दिसते? कोणती जागा? कोणतं वाक्य घरात सगळे म्हणतात? चाळीसेक गोष्टी जमल्या की त्यातल्या पंचवीस-तीस उरतील अशी चाळणी लावा. वस्तू नेमकी हवी. 'आजोबा' यापेक्षा आजोबांचा अडकित्ता किंवा त्यांची दोरीने बांधलेली चष्म्याची काडी पत्त्यावर जास्त बोलते.

चाळणी लावताना एक नियम पक्का ठेवा. नापास होणं, मोडलेलं लग्न, कर्ज, वजन, रंग, कुणाचं आजारपण, यातलं काहीही पत्त्यावर येऊ द्यायचं नाही, भले सांगणारा हसत सांगत असला तरी. एखाद्याची फजिती घालायचीच असेल तर त्या माणसालाच आधी विचारा, आणि तो क्षणभर थांबून 'घाल की' म्हणाला तर घालू नका. खेळ वर्षानुवर्षं बाहेर निघतो, आणि तो पत्ता त्या माणसासमोर दर वेळी पुन्हा पडतो.

पहिला सांगाडा: फोटोंची जुळणी

लहान-मोठे सगळे बसणार असतील तर हा सगळ्यात खात्रीचा. बाजारात मिळणाऱ्या 'डॉबल' या खेळाच्या मुळाशी एक सुरेख गणित आहे: कोणतेही दोन पत्ते उचला, त्यांच्यात नेमकं एकच चित्र सारखं असतं. कमी नाही, जास्त नाही. घरच्या फोटोंचा असा पत्त्यांचा जोड बनवता येतो, आणि त्यासाठी गणित यायलाच हवं असं नाही.

तेरा फोटो घ्या, त्यांना १ ते १३ क्रमांक द्या. पहिल्या पत्त्यावर १, २, ४, १० हे फोटो लावा. पुढच्या पत्त्यावर प्रत्येक क्रमांकात एक मिळवा: २, ३, ५, ११. मग ३, ४, ६, १२. तेराच्या पुढे गेलं की पुन्हा १ वर यायचं, म्हणून चौथा ४, ५, ७, १३ आणि पाचवा ५, ६, ८, १. असे तेरा पत्ते होतात, प्रत्येकावर चार फोटो. पहिला आणि पाचवा शेजारी ठेवून बघा: फक्त १ सारखा आहे. हे जमतं कारण १, २, ४, १० यांच्यातल्या वजाबाक्या, दोन्ही बाजूंनी आणि तेराच्या चक्रात मोजल्या, तर १ ते १२ हा प्रत्येक आकडा बरोबर एकदाच येतो.

तेरा पत्त्यांचा डाव मात्र दोन मिनिटांत संपतो. तो सरावाला ठेवा. घरात पाच-सहा जण असतील तर २१ फोटोंचा जोड करा: सुरुवात १, २, ५, १५, १७ पासून, चक्र २१ चं, पत्ते २१, प्रत्येकावर पाच फोटो. मोठ्या गोतावळ्यासाठी ३१ फोटोंचा: सुरुवात १, ५, ११, २४, २५, २७ पासून, चक्र ३१ चं, पत्ते ३१, प्रत्येकावर सहा फोटो. कापण्याआधी कोणत्याही दहा-बारा पत्त्यांच्या जोड्या हाताने तपासा. एक क्रमांक चुकला तर दोन माणसं 'सारखं काहीच नाही' म्हणून हटून बसतील आणि दोघंही बरोबर असतील.

खेळ असा: प्रत्येकाला एक पत्ता, बाकी गठ्ठा मध्ये सुलटा. आपल्या पत्त्यावरचं आणि गठ्ठ्याच्या वरच्या पत्त्यावरचं सारखं चित्र ज्याने आधी ओळखून त्याचं नाव घेतलं, त्याने तो वरचा पत्ता आपल्या पत्त्यावर ठेवायचा. गठ्ठा संपला की ज्याच्याकडे जास्त पत्ते तो जिंकला. नाव घरातलंच घ्यायचं. दुसऱ्या कुणाचा अडकित्ता असता तर 'अडकित्ता' चाललं असतं, इथे 'अण्णांचा अडकित्ता' म्हटल्याशिवाय पत्ता मिळणार नाही. लहान मुलांना घरातल्या वस्तूंची नावं यातून आपोआप पाठ होतात.

एकच फोटो वेगवेगळ्या पत्त्यांवर लहान-मोठा आणि थोडा फिरवून लावा, नाहीतर शोधणं फार सोपं होतं. आणि सगळे चेहरेच घेऊ नका. लहान आकारात चेहरे एकसारखे दिसू लागतात, आजीला तर भावा-भावांतला फरकच कळणार नाही. ३१ मध्ये दहाएक चेहरे, बाकी वस्तू, जागा, खाऊ, घरचं मांजर. पार्श्वभूमी कापून टाकलेली वस्तू जास्त उठून दिसते.

दुसरा सांगाडा: आपला पट

सापशिडीवर घरचे प्रसंग लिहिणं सगळ्यांनाच आधी सुचतं. मूळ कल्पनाही तशीच आहे. मोक्षपटावर, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपात, शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण, प्रत्येकाचं नाव पटावरच्या घरात लिहिलेलं. घरांची संख्याही ठरलेली नव्हती. ७२ घरांचे पट आहेत, ८४ घरांचे जैन पटही आहेत. तेव्हा शंभर घरांचा हट्ट नको. ८ गुणिले ८ असा ६४ घरांचा पट घरगुती डावाला पुरतो.

अडचण एवढीच की सापशिडीत खेळणाऱ्याला ठरवायला काहीच नसतं, त्यामुळे मोठी माणसं दुसऱ्या डावाला उठतात. उपाय सोपा आहे: दोन फासे टाका आणि त्यातला एकच निवडून चाला. लगेच प्रत्येक खेळीत विचार येतो. प्रत्येक शिडीखाली प्रसंग लिहा, आणि तिथे पोचणाऱ्याने तो थोडक्यात सांगितला तरच शिडी चढायची. ज्याला माहीत नसेल त्याने तिथे बसलेल्या कुणालाही विचारावं.

फाशांऐवजी चार कवड्या किंवा एका बाजूने घासून पांढरे केलेले चार चिंचोके घ्या, म्हणजे अष्टा-चंगाची सवय असलेल्यांना घरच्यासारखं वाटेल. पण आकडे बघून घ्या. चार चिंचोके टाकले आणि दोन्ही बाजू सारख्या पडतात असं धरलं, तर १६ पैकी ६ वेळा दोन पांढरे, चार वेळा एक, चार वेळा तीन, आणि चारही पांढरे किंवा चारही काळे प्रत्येकी एकदाच. म्हणजे २ चं दान फार पडणार. ज्या घरावर लोकांनी वारंवार थांबावं असं वाटत असेल ते घर मोक्याच्या घरापासून दोन घरांवर ठेवा.

तिसरा सांगाडा: सगळे मिळून जिंकायचं

हरण्यावरून रुसवे होणाऱ्या घरांत, आणि आजी-नातवंडं एका बाजूला बसावीत असं वाटणाऱ्यांना, मी हाच सांगाडा सुचवेन. सगळे एका बाजूला, समोर वेळ. मॅट लीकॉक यांच्या २००८ सालच्या 'पँडेमिक' खेळाने ही पद्धत घरोघरी नेली. आपण विषय घेऊ गणपतीच्या आदल्या दिवशीचा, कारण त्या दिवशी खरोखरच सगळे एका बाजूला असतात.

पत्ते एकूण ५४. त्यातले ४० साधनांचे: सजावट, चूल, बाजार आणि माणसं, प्रत्येकी दहा. सहा पत्ते अडचणींचे: लाईट गेली, एसटी चुकली, नारळ नासका निघाला, असे. आणि आठ पत्ते कामांचे, ते सुरुवातीपासून टेबलावर उघडे:

मखर: दोन सजावट, एक माणसं.
दिव्यांच्या माळा: दोन सजावट, एक बाजार.
मोदक: दोन चूल, एक बाजार.
पाहुण्यांचं जेवण: दोन चूल, एक माणसं.
मूर्ती आणणं: दोन माणसं, एक बाजार.
आरती-भजन: दोन माणसं, एक चूल, कारण भजनी मंडळींना चहा लागतो.
पत्री आणि फुलं: दोन बाजार, एक सजावट.
गौरींची तयारी: एक सजावट, एक चूल, एक बाजार.

चौघांना साधनांचे तीन-तीन पत्ते वाटा. उरलेल्या २८ मध्ये सहा अडचणी मिसळून पिसा आणि गठ्ठा पालथा ठेवा. आपली पाळी आली की दोन पत्ते ओढायचे, मग एकच गोष्ट करायची: कुणालाही एक पत्ता द्या, किंवा हातातल्या तीन पत्त्यांनी एक काम पुरं करा. अडचण निघाली तर सगळ्यांनी ठरवून कुणाच्याही हातातले मिळून दोन साधन-पत्ते टाकून द्यायचे. गठ्ठ्यातला शेवटचा पत्ता ओढणाऱ्याची पाळी संपायच्या आत आठही कामं झाली तर घर जिंकलं.

आता हिशेब, कारण खेळ जमतो की फसतो ते इथे कळतं. कामांना २४ पत्ते लागतात, प्रत्येक प्रकारचे बरोबर सहा. साधनं ४०, अडचणी १२ खातात, उरतात २८. म्हणजे चार पत्त्यांची सैल. दुसरीकडे गठ्ठ्यात ३४ पत्ते, पाळीला दोन, म्हणून सतरा पाळ्या. आठ पाळ्या कामं पुरी करण्यात जातात, नऊ देण्याघेण्याला. दर कामामागे साधारण एकच पत्ता इकडून तिकडे द्यायला वाव आहे. हे घट्ट आहे, आणि मोठ्यांसाठी तसंच हवं.

घरी फार वेळा हार होत असेल तर पहिला विचार अडचणी कमी करण्याचा येतो. त्यात एक गोम आहे. दोन अडचणी काढल्या तर पत्ते चार वाचतात, पण गठ्ठा दोनाने घटतो आणि एक पाळी जाते. साधारण कमी पडतात त्या पाळ्याच. म्हणून अडचणी सहाच ठेवा आणि एका पाळीत पत्ता देणं आणि काम पुरं करणं ही दोन्ही मुभा द्या. खेळ एकदम मोकळा होतो. मुलं सरावली की मुभा काढून घ्या.

या प्रकारात एक दुखणं हमखास येतं: घरातलं एक मोठं माणूस सगळ्यांच्या चाली सांगू लागतं आणि बाकीचे फक्त हात हलवतात. म्हणून पत्ते झाकून धरायचे. मागता येईल ते फक्त प्रकाराचं नाव घेऊन, 'मला चूल हवी आहे' असं. द्यायचं की नाही हे ज्याचे पत्ते त्यानेच ठरवायचं, तो सहा वर्षांचा असला तरी. अडचण आली तरी आपल्या हातातलं काय टाकायचं ते त्यानेच सांगायचं.

विषय तुमचा घ्या. गोव्यात असाल तर चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास, सजवणं हे एक काम होईलच. भाताची लावणी, ताईचं लग्न, घर बदलणं, आकडे तेच ठेवून सगळं बसतं.

कच्ची प्रत आणि चाचणी

पहिली प्रत मुद्दाम ओबडधोबड करा. जुन्या वहीचा पुठ्ठा किंवा पोस्टकार्डं कापा, पेन्सिलीने लिहा. सुंदर छापलेला पत्ता खोडायला जीव होत नाही, आणि या टप्प्यावर खोडणंच मुख्य काम आहे. जुन्या पत्त्यांच्या जोडावर कागद चिकटवले तर पिसताही येतात.

आधी एकट्याने चारही हात स्वतः खेळा. आकड्यांतले ढोबळ घोटाळे इथेच निघतात. मग दोघा-तिघांना बोलवा, नियमांचा कागद त्यांच्या हाती द्या आणि गप्प बसा. हे कठीण आहे, पण करा. कुठे ते थबकतात, कोणतं वाक्य दोनदा वाचतात, कुठे एकमेकांकडे बघतात, ते वहीत टिपा. मधे पडून समजावलंत तर नियमांत भोक कुठे आहे ते कळणारच नाही. संपल्यावर 'आवडला का?' असं विचारू नका, घरची माणसं हो म्हणणारच. विचारा की कंटाळा कधी आला आणि शेवटची कोणती खेळी आठवते.

दोन डावांच्या मधे एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही. आणि कुणीतरी ठरलेल्या नियमाबाहेर काही करून बघितलं आणि सगळे हसले, तर तो नियम करून टाकता येतो का बघा.

नियमांचा कागद एक पानाचा. क्रम ठरलेला: जिंकायचं कसं, मांडायचं कसं, पाळीत काय करायचं, संपतं केव्हा, आणि अपवाद सगळ्यात शेवटी. जिंकण्याचं वाक्य आधी आलं की पुढचं सगळं त्याच्या आधाराने समजतं.

पक्की प्रत

पत्त्याचं माप ६३ गुणिले ८८ मिलिमीटर ठेवा. ए-फोर कागदावर असे तीन ओळींत तीन, म्हणजे नऊ पत्ते बसतात आणि कडेला कापायला जागा उरते. गणपतीच्या खेळाचे ५४ पत्ते बरोबर सहा कागदांत होतात. कार्डशीट ३०० जीएसएमचं घ्या (कागद किती जाड-जड ते सांगणारं हे माप). घरचे प्रिंटर इतका जाड कागद सहसा ओढत नाहीत, म्हणून पीडीएफ करून डिजिटल छपाईच्या दुकानात न्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कागदही मिळेल. मागची बाजू छापायची असेल तर तिच्यावर चौकट नको. दोन्ही बाजू छापताना एक-दोन मिलिमीटर सरकतातच आणि चौकट वाकडी दिसते. कडेपर्यंत जाणारी बारीक नक्षी ते लपवते.

चकचकीत लॅमिनेशनचे पत्ते हातातून निसटतात आणि कडा सुटतात. मॅट घ्या, किंवा प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे पत्त्याच्या मापाच्या पारदर्शक पिशवीत, मागे जुना पत्ता आणि पुढे छापलेला साधा कागद घाला. ही रीत सगळ्यात स्वस्त आणि एकेक पत्ता बदलायलाही सोपी. कोपरे गोल करणारा पंच स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. गोल कोपरे लवकर दुमडत नाहीत.

सोंगट्यांना बटणं, चिंचोके, रंगवलेले लाकडी मणी, काहीही चालतं. गुंजा मात्र घेऊ नका. दिसतात सुंदर, पण बी विषारी असतं आणि मुलं तोंडात घालतात. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर कवड्या आणि बटणंसुद्धा डाव संपल्यावर मोजून डबीत ठेवा.

३१ पत्त्यांच्या जोडाला चार कागद लागतात आणि पाच जागा रिकाम्या राहतात. तिथे नियम आणि फोटोंची क्रमवार यादी छापून घ्या, आणि मूळ फाइल जपून ठेवा. नवी सून आली, बाळ झालं, तर फोटो बदलावासा वाटणार. या जोडात प्रत्येक फोटो बरोबर सहा पत्त्यांवर असतो, तेव्हा एक माणूस घ्यायचं तर एक वस्तू काढायची आणि सहा पत्ते नव्याने छापायचे. एका कागदात ते होतात.